ज्येष्ठतेची यादी

निवृत्तीनंतर अलिबागेत स्थायिक झाल्यापासून पेणच्या वाटेवर पोयनाडजवळचे चरी गाव लागले, की माझे मन खारेपाटातील शेतांच्या बांधावर जाऊन उभे राहते. 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि पंचवीस गावांनी तो उपासमार सोसून सुमारे सहा वर्षे पाळला. अन्नाची ददात ज्यांना कधी ठाऊक नव्हती, त्या आम्हा वैमानिकांना अशी एकजूट का साधली नाही, हा प्रश्न मला तेथे दरवेळी व्याकूळ करतो.

माझ्या मते त्याचे उत्तर सेवाज्येष्ठतेच्या यादीत आहे. सहवैमानिकाचा कप्तान केव्हा होणार, कोणते विमान त्याच्या हाती येणार, दिवाळीची रजा कोणाला मिळणार, हे सारे बहुतांशी त्या यादीतील क्रमांकावर ठरते. म्हणून एकाचे नाव वर सरकले, की दुसऱ्याला आपले आयुष्यच मागे पडल्यासारखे वाटते. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा अशा दोन याद्या आणि दोन संघटना एका छपराखाली आल्या. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. ज्येष्ठतेचा आणि वेतनाचा गुंता सोडविण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. आणि 2012 मध्ये ड्रीमलायनरचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळणार म्हणून मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या इंडियन पायलट्स गिल्डने 58 दिवसांचा संप केला. चरीत बांधाच्या अलीकडे सारी कुळेच होती. येथे फिर्याद मालकाविरुद्ध असली, तरी भांडण शेजारच्या आसनाशी होते.

वाटाघाटींच्या मंडळावर मीही एकदा होतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कप्तानांना वेतनवाढ हवी होती, तरुणांना विश्रांतीचे तास आणि लवकर बढती. आणि आम्ही दोहोंचा मेळ घालून केलेला मसुदा गुप्ततेच्या सबबीखाली सभासदांपासून दडवला, त्यामुळे तो त्यांच्यापर्यंत अफवेच्या रूपाने पोहोचला. फितुरीचा आरोप झाला, नेतृत्व बदलले, आणि पुढे झालेला करार आमच्या मसुद्याहून हलका ठरला. दोष सभासदांच्या अविश्वासाचा नव्हता, आमच्या मौनाचा होता.

ऐकून न घेण्याची किंमत आमच्या व्यवसायाला खरे तर ठाऊक होती. टेनेरिफच्या धावपट्टीवर 1977 मध्ये दोन विमानांची टक्कर होऊन 583 माणसे प्राणांस मुकली. समोरची वाट मोकळी नसावी, ही विमान-अभियंत्याची शंका कप्तानाने मानली नव्हती. त्यानंतर आमच्या व्यवसायाने कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, हा दंडक कॉकपिटात रुजवला. संघटनेच्या सभागृहात मात्र आम्ही तो नेलाच नाही. आता पनवेलच्या बाजूला नवा विमानतळ झाला आहे आणि या जिल्ह्याची मुलेही वैमानिक होतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की करारावर सही करण्यापूर्वी त्याचे प्रत्येक कलम यादीतील शेवटच्या नावालाही वाचून दाखवावे आणि त्याची हरकत पुरती ऐकून घ्यावी.