अर्धा रंगविलेला पडदा

रंगभूमीवर वावरलेल्या माणसाने आठवणी लिहावयास घेतल्या म्हणजे टाळ्या, पदके आणि थोरामोठ्यांच्या गाठीभेटी यांची अपेक्षा वाचक करतात. आमच्यापाशी ते भांडवल फारसे नाही. नोकरी सांभाळून नाटके करणाऱ्या हौशी मंडळींपैकी आम्ही. सांताक्रूझच्या गणेशोत्सवात तोंडाला जो रंग लागला तो पुढे तीस वर्षे उतरला नाही, एवढीच आमची नटगिरी. परंतु आमची नाटके पाहण्याजोगी ज्याच्यामुळे झाली तो आमचा धाकटा भाऊ मात्र खरा कलावंत होता, आणि त्याच्याविषयी आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्या लिहिण्यास आमच्याखेरीज आता कोणी उरलेही नाही.

तो आमच्याहून पाच वर्षांनी लहान. जे. जे. कलाशाळेत शिकला, आणि तेथील सोबती कॅनव्हासवर तैलचित्रे काढण्याची स्वप्ने पाहत असता हा नाटकाच्या पडद्यांमागे लागला. तेव्हा पडद्यांचे दिवस संपत आले होते. दिवाणखान्याच्या तीन भिंती उभ्या केल्या की नाटक झाले, असा काळ आला होता. परंतु पंधरा-वीस हातांवरून पाहिल्यावर जे खरे वाटते आणि जवळ गेल्यावर नुसते फराटे दिसतात, त्यातच चित्रकाराची परीक्षा आहे, असे त्याचे मत होते. वाद घातला तर तो हसे आणि कुंचला धुवावयास निघून जाई.

पडद्याचे रंग म्हणजे कोरडी भुकटी. ती सरसाच्या पाण्यात कालवावी लागते. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. आमच्या आईने तो चुलीजवळ फिरकू दिला नाही. तेव्हा त्याने अंगणात तीन विटा मांडल्या, भंगारवाल्याकडून पातेले आणले आणि तेथे सरस शिजू लागला. त्याचा वास शेजारच्या दोन घरांपर्यंत जाई. प्रथम आई नाक दाबून आत बसे. पुढे काही महिन्यांनी, तो पडद्यावर ओणवा असला की तीच विटांपाशी बसून जाळ मागेपुढे करू लागली. पातेल्यास मात्र तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. आमच्या घरातील कलेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्या तीन विटांपासूनच आरंभ करावा लागेल.

त्याची दैवते दोन, आणि दोन्ही कोल्हापूरची: आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर. हे दोघे भाऊ, परंतु सख्खे नव्हेत. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी रंगविलेले पडदे इतके गाजले की मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. चित्रे हलू शकतात हे पाहिल्यावर या दोघा पडदे रंगविणाऱ्यांना स्वस्थता उरली नाही. आपला कॅमेरा आपणच घडवावा या खटपटीत ते असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. दामले यांना हाताशी घेऊन त्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला, आणि १९२० च्या फेब्रुवारीत 'सैरंध्री' पुण्यात झळकला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते त्यानंतर. ही हकीकत आमच्या भावाने आम्हांस किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. एकदा मात्र सांगता सांगता तो थांबला आणि म्हणाला, "दादा, त्या कॅमेऱ्यातला कोणता खिळा आनंदरावांच्या डोक्यातला, हे बाबूरावांना शेवटपर्यंत ओळखता येत असेल का?" आम्ही त्या वेळी संवाद पाठ करीत होतो. "असेल," एवढेच म्हणालो.

लहानपणच्या सांधेज्वराने त्याचे हृदय अधू झाले होते. हे घरात सर्वांस ठाऊक होते आणि कोणी बोलत नसे. १९६७ च्या हिवाळ्यात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही एक पौराणिक नाटक बसविले असता, अरण्याचा पडदा रंगविता रंगविता त्याने अंथरूण धरले; आठव्या दिवशी तो गेला. वय सत्तावीस. प्रयोग त्यानंतर सातव्या दिवशी होता.

सुतकात तोंडाला रंग लावून उभे राहावयाचे, ही गोष्ट वडिलांना सहन होण्यासारखी नव्हती, आणि आमच्याही मनात ती नव्हती. आमची भूमिका दुसऱ्यास द्यावी असे ठरतही आले होते. आई तेव्हा अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. ती उठून बसली आणि वडिलांना म्हणाली, "रंग लावायचा की नाही ते त्याचे त्याला ठरवू दे. पण पोराचा पडदा घडी करून ठेवायचा नाही. तो लोकांनी पाहिला पाहिजे." वडील बाहेर ओटीवर जाऊन बसले. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

परंतु पडदा पुरा नव्हता. डावीकडचे अरण्य रंगवून झाले होते; उजवीकडे नुसत्या रेषा. इतर लोक कोळशाने आखतात, हा सुताराची जाड पेन्सिल वापरी. मंडळातील एक गृहस्थ हाताचे बरे होते. रेषा आहेतच, आपण एका रात्रीत रंग भरून देतो, असे ते मनापासून म्हणाले. आम्ही नको म्हणालो. प्रकाशयोजना पाहणाऱ्या मित्राने उजवी बाजू अंधारात ठेवली आणि सारे प्रवेश डावीकडे ओढून घेतले. बांबूवर गुंडाळलेला तो पडदा आम्ही चौघांनी गाडीच्या मालडब्यातून नेला. प्रयोग झाला. अरण्य अर्धे आहे असे कोणी म्हणाले नाही. अरण्य म्हटले की पलीकडे अंधार असावयाचाच. मध्यरात्री घरी परतलो तेव्हा आई जागी होती. प्रयोग कसा झाला हे तिने विचारले नाही. "पडदा सरळ लागला होता ना?" एवढेच विचारले.

गेलेल्या माणसाचे अपुरे काम पुरे करावे की तसेच ठेवावे, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून सोडीत नाही. मास्टर विनायक १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा त्यांचा 'मंदिर' हा चित्रपट अपुरा होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दिनकर पाटील यांनी तो पुरा केला, आणि १९४८ साली तो लोकांसमोर आला. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या असे आम्हांस वाटते. यंत्र ज्याने चालविले त्याचे होते, आणि चित्रपट हा पहिल्यापासूनच शंभर हातांचा असतो. कुंचल्याचे तसे नाही. आमच्या भावाने उजवीकडच्या झाडांना कोणता हिरवा दिला असता, हे तो एकटाच जाणत होता. आमचा हा निवाडा सर्वांस पटेल असे नाही. वडिलांनाही तो पटला नव्हता. कोणाचेही काम अर्धवट ठेवू नये, असे ते म्हणत.

विनायकांचे नाव निघाले म्हणून सांगतो. त्यांचे थोरले सावत्र भाऊ बाबूराव पेंढारकर, हेही मोठे नट. विनायकांच्या मागे ते वीस वर्षे जगले. १९६७ साली, म्हणजे आमच्या भावाच्याच वर्षी, वारले. 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटात गंगानाथ बाबूराव आहेत आणि नारद विनायक आहेत. तो बोलपट आजही पाहावयास मिळतो. आम्ही तो पुष्कळदा पाहिला आहे, आणि खरे सांगावयाचे तर राजाराणीसाठी नव्हे. एकाच चित्रात हे दोघे भाऊ बोलत-चालत आहेत, तरुण आहेत, एवढ्यासाठी. याला हेवा म्हणावयाचे असल्यास वाचकांनी खुशाल म्हणावे. आम्हां दोघांचे एकत्र असे एकच छायाचित्र आहे, मुंजीतले, आणि त्यात तो हललेला आहे.

पडदा आम्ही जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला होता. २६ जुलै २००५ रोजी आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिलन सबवे बुडाला, रस्ते बुडाले, आणि तळमजल्यावरच्या आमच्या घरात कमरेइतके पाणी आले. ते ओसरण्यास दुसरा दिवस उजाडला. ट्रंक उघडली तेव्हा सरसाचे रंग विरघळून गेले होते; डावीकडचे अरण्य, त्यातील पाणवठा, वेली, सारे एका गढूळ तपकिरी डागात मिसळले होते. सून म्हणाली, "टाकून देऊ या का?" आम्ही तो ओटीवरच्या दांडीवर पसरला. आठ दिवसांनी तो सुकला, तेव्हा उजव्या अर्ध्यावरची पेन्सिल जशीच्या तशी होती. पंधरा झाडे. शेंड्याकडच्या एका झाडाला त्याने बारीक अक्षरांत 'हिरवा नको' असे लिहिले आहे. ते आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते.