तुटलेला रेझिस्टर आणि तराजूचा पासंग



आजचा लेख पुस्तकातल्या कुठल्याही पाठावर नाही. पण चौथीला स्थानिक किंमत आणि वजन-माप शिकवताना हा प्रसंग मला हमखास आठवतो, म्हणून लिहितोय. यात माझ्या हातून झालेली एक मोडतोड आहे. ती मी तीन दिवस घरात लपवली होती.

आमच्या घरी वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस व्हायच्या आणि अर्ध्या मिनिटाने आवाज उमटायचा. आम्ही भावंडं मागच्या भोकांतून तो उजेड बघत बसायचो. रेडिओ पुढे भंगारात गेला, उजेड मात्र डोक्यात राहिला. म्हणून यंदा पैसे साठवून मी व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं किट मागवलं. किट म्हणजे सुटे भाग आणि एक नकाशा. जोडायचं आपण. त्यात आवाज बाहेर काढणारे दोन ईएल८४ व्हॉल्व्ह, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या बाजूचा. त्यांच्या आधी एक छोटा ईसीसी८३.

व्हॉल्व्हचं काम मुलांना सांगतो तसं सांगतो. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तापणारा भाग, त्याला कॅथोड म्हणतात. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पलीकडच्या प्लेटकडे धावतात. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी अशी नळी बनवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी मधे एक जाळी घातली, तिला ग्रिड म्हणतात. ही जाळी म्हणजे नळाची तोटी समजा. तोटी जराशी फिरवली की पाण्याची मोठी धार कमी-जास्त होते. तसं ग्रिडवरच्या बारीकशा बदलाने मोठा प्रवाह कमी-जास्त होतो, आणि लहान आवाज मोठा होतो.

रोज रात्री जेवण झालं की तासभर मी सोल्डरिंग करायचो. सातव्या रात्री घाई झाली. एका रेझिस्टरचा पाय मी अगदी अंगालगत वाकवला. भोकात बसेना, म्हणून परत सरळ केला, परत वाकवला. तिसऱ्या वेळी पाय मुळातून तुटून हातात आला. नोज प्लायरने धरून अंगापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून वाकवायचा असतो, हे नकाशाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

सौ.ने विचारलं, "झालं का हो तुमचं?" मी म्हणालो, "एक पार्ट यायचाय अजून." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आता वर्गातलं सांगतो. आमची शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी. संक्रांतीनंतर मी साहित्याचं कपाट उघडलं, तर तराजूचं एक पारडं फुटलेलं, आणि तुकडे मागे कागदात गुंडाळून ठेवलेले. विचारलं तर सगळा वर्ग गप्प. मी चिडलो. म्हणालो, "कोणी केलं ते सांगेपर्यंत कपाट बंद." दोन आठवडे कपाट खरंच बंद होतं. वजनाचा पाठ मी फळ्यावर चित्रं काढून शिकवला. मुलं चित्रातला तराजू बघत होती आणि खरा तराजू कुलपात होता.

घरी माझा रेझिस्टर डबीत लपवलेला होता. तेव्हा मात्र मला या दोन गोष्टींचा संबंध दिसला नाही.

तुटलेला रेझिस्टर २७० ओहमचा होता. त्यावरचे पट्टे लाल, जांभळा, तपकिरी. लाल म्हणजे २, जांभळा म्हणजे ७ आणि तिसरा तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. तिसऱ्या रात्री जुन्या सामानाच्या डब्यात मला हुबेहूब तसाच एक सापडला. लाल, जांभळा, तपकिरी. मी खूश. लावणारच होतो. सवय म्हणून मल्टिमीटर लावला, तर २७ दाखवलं. परत लावला, परत २७. खिडकीतल्या उजेडात सकाळी पाहिलं, तर तिसरा पट्टा काळा होता. काळा म्हणजे पुढे शून्य नाहीच. रात्रीच्या पिवळ्या उजेडात काळा मला तपकिरी दिसला होता.

"सर, एक शून्यच तर चुकलंय," असं मुलं म्हणतात ना, तसंच झालं. त्या एका शून्याने काय झालं असतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तालुक्याला गेलो. तिथे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. काका सत्तरीचे असतील. मी म्हणालो, "काका, २७० ओहम, २ वॅटचा रेझिस्टर द्या."

"२७० नाही २ वॅटमध्ये. गुरुजी, हा तिथं करतो काय?"

मी गप्प. मला नंबर माहीत होता, पट्टे माहीत होते, नकाशातली जागा माहीत होती. काम माहीत नव्हतं. पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "सात पाचे पस्तीस म्हणजे काय?" विचारल्यावर त्याचा जसा चेहरा होतो, तसा माझा झाला असणार.

काकांनी नकाशा बघितला आणि पावतीच्या मागे चित्र काढून दाखवलं. हा रेझिस्टर कॅथोडच्या खाली बसतो. व्हॉल्व्हचा सगळा प्रवाह याच्यातूनच जातो. त्यामुळे याच्यावर साधारण १० व्होल्ट तयार होतात आणि कॅथोड ग्रिडपेक्षा तेवढा वर उचलला जातो. म्हणजेच ग्रिड कॅथोडच्या मानाने ऋण होते आणि प्रवाहाला आवरून धरते. प्रवाह वाढायला लागला, तर याच्यावरचे व्होल्ट वाढतात आणि ग्रिड आणखी आवरते. व्हॉल्व्ह असा स्वतःच स्वतःला सांभाळतो.

"आणि २७ लावला असता तर?"

"लगाम सुटला असता. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटपर्यंत सोसते. त्याच्या वर गेली की लाल होते. व्हॉल्व्ह जातो, कधी ट्रान्सफॉर्मरही जातो." मग म्हणाले, "गुरुजी, नंबर नंतर बघायचा. आधी काम बघायचं."

त्यांनी १ वॅटचे ५६० ओहमचे दोन रेझिस्टर काढून दिले. सारखे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले, की रोध निम्मा होतो. ५६० चे निम्मे २८०. किटमधला रेझिस्टर ५ टक्के फरकाचा होता, म्हणजे तो २५६.५ ते २८३.५ मध्ये कुठेही असला तरी २७० चाच धरतात. २८० त्यात बसतो. उष्णताही दोघांत वाटली जाते, १ आणि १ मिळून २ वॅट. मी मल्टिमीटरवर जोडी मोजली, २७८ आली.

रविवारी सौ.ला तुटलेला रेझिस्टर दाखवला आणि मग जोडी बसवली. ती एवढंच म्हणाली, "मग त्या दिवशीच सांगायचं होतं की."

सोमवारी परिपाठानंतर मी तो रेझिस्टर वर्गात नेला. मुलांच्या हातात दिला. घाई कशी केली, कसा तोडला, तीन दिवस कसा लपवला आणि एका शून्यामुळे काय जळणार होतं, हे सगळं सांगितलं. तराजूचा विषय मी काढला नाही. मुलं हसली. एकाने विचारलं, "सर, तुम्हाला कोण ओरडलं?" मी म्हणालो, "कोणीच नाही."

मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "सर, पारडं माझ्याकडून पडलं. दिवाळीच्या आधी." मी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही ओरडला असता." खरं होतं. मी ओरडलोच असतो.

दुपारी कपाट उघडलं. मुलांना काकांचाच प्रश्न विचारला, "पारडं काय काम करतं?" वस्तू धरतं, दांडीला लटकतं, आणि दुसऱ्या बाजूच्या पारड्याएवढं वजनदार असतं. हे तिसरं उत्तर यायला बराच वेळ लागला. त्याच मुलीने घरून करवंटी आणली. तीन भोकं पाडून दोऱ्याने बांधली, तर दांडी एका बाजूला कलली. करवंटी जड होती. मग मुलांनी दुसऱ्या पारड्याखाली चिंचोके बांधायला सुरुवात केली. अकराव्या चिंचोक्याला दांडी सरळ झाली. मी सांगितलं, "याला पासंग म्हणतात." 'पासंगालाही पुरत नाही' हा वाक्प्रचार त्या दिवशी शिकवावा लागला नाही.

त्या आठवड्यात ॲम्प्लिफायर सुरू झाला. नळ्या तांबूस झाल्या, अर्ध्या मिनिटाने आकाशवाणीच्या बातम्या लागल्या. त्या रेझिस्टरवर ९.८ व्होल्ट आले. भागिले २८०, म्हणजे ३५ मिलिअँपिअर. बरोबर. वडील शेजारी बसून नळ्यांकडे बघत होते. बातम्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

दोन सूचना मात्र नक्की वाचा. हे किट मुलांच्या हाताचं नाही. आत अडीचशे व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो. मीटरने मोजून शून्य झाल्याशिवाय हात घालू नये. दुसरं, पर्याय आणि जुगाड एक नव्हेत. घरच्या फ्यूजमध्ये आपण जाड तार घालतो, तेव्हा दिवे लागतात. पण फ्यूजचं काम दिवे लावणं नसून वेळेवर वितळणं आहे. ते काम जाड तार करत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी: सारख्या दोन ग्लासांत सारखंच पाणी घ्या. एका मुलाला एक बारीक स्ट्रॉ द्या, दुसऱ्याला तशाच दोन स्ट्रॉ एकत्र. कोणाचा ग्लास आधी रिकामा होतो ते मुलांना बघू द्या, आणि का ते त्यांनाच सांगू द्या. दोन ५६० मिळून २८० का होतात, याची सुरुवात तिथेच होते. तराजू मोडका असेल तर टाकू नका. आणि तो कोणी मोडला हे विचारण्याआधी, तुमच्या हातून मोडलेली एखादी वस्तू वर्गात घेऊन जा.