रविवारच्या वर्गात शिकलेलं शहर

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकमध्ये सुरू झालं. त्याचं मुख्यालय गंगापूर धरणाकडे, गोवर्धन गावाजवळ आहे. आम्हा विद्यार्थ्यांचं विद्यापीठ मात्र शहरातल्या एका कॉलेजात होतं: रविवारी सकाळी उघडणारा एक वर्ग आणि फळ्यापाशी उभे असलेले समंत्रक. माझं शिक्षण दहावीला थांबलं होतं. लग्न होऊन सिन्नर तालुक्यातून सिडकोत आले, मुलं हाताशी आली, तेव्हा पूर्वतयारीचा शिक्षणक्रम केला आणि बीएला नाव घातलं. विषय समाजशास्त्र आणि लोकप्रशासन. शहराचा अभ्यास असा वेगळा विषय माझ्या गुणपत्रिकेवर कुठे नाही, पण त्या वर्गाने मला दिलं ते हेच.

त्याचं श्रेय आमच्या समंत्रकांना. नागरी समाजावरचा धडा सुरू करताना त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं आणि एकेकाला विचारलं, "ताई, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? दादा, तुमच्याकडे?" वर्गात एसटीचे कंडक्टर होते, नाशिकरोडच्या प्रेसमधले कामगार होते, दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी होत्या, मखमलाबादहून येणारा द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता. प्रत्येकाची वेळ वेगळी, दाब वेगळा. कुणाचं पाणी गोदावरीवरच्या गंगापूर धरणातलं, तर नाशिकरोडकडच्यांचं दारणेचं, चेहेडीहून उचललेलं. सरांनी ते सगळं फळ्यावर मांडलं आणि मग सांगितलं की नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या वेगवेगळ्या नगरपालिका होत्या. त्या आणि भोवतालची वीसहून अधिक खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली. नाशिकरोडची माणसं अजून "नाशिकला जाऊन येतो" का म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी राहते त्या सिडकोकडेही नव्याने पाहायला लागले. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सहा योजनांत बांधलेली ही छोटी घरं. आमच्याकडे पत्ता सांगतानाही कितवी स्कीम ते सांगतात. मुलगा मोठा झाला की वर एक खोली, सून आली की पुढे जिना. या वाढीव बांधकामांना कागदावर अतिक्रमण म्हणतात. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, कारण अग्निशमनाची गाडी वळेल एवढी जागा गल्लीत उरायलाच हवी. पण दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या राहणार हे आखणी करतानाच धरायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मी सर्वांत जास्त शिकले ती जुन्या नाशकात. प्रकल्पासाठी मी भद्रकाली आणि तिवंध्याकडच्या गल्ल्यांतले वाडे घेतले होते. टेकड्यांवर वसलेलं हे गावठाण. एका गल्लीतून दुसरीत जाताना पायऱ्या चढाव्या लागतात. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, आणि पावसाळ्यात कुठे ना कुठे भिंत कोसळल्याची बातमी येते. लोक बाहेर का पडत नाहीत, हा माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता. एका वाड्यात तळमजल्याच्या खोलीत राहणाऱ्या आजींनी मला बसवून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पोरी, मी भाडेकरू. आज कुलूप लावून गेले, तर उद्या ही खोली माझी राहील का? माझा ताबा आहे म्हणून माझा हक्क आहे."

हे उत्तर कुठल्याही पुस्तकात मला इतकं उघड दिसलं नव्हतं. भाडं वर्षानुवर्षं नाममात्र, म्हणून मालक डागडुजी करत नाही. मालकी वारसांत वाटलेली, म्हणून सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत. पाडून नवं बांधायचं म्हटलं तर रस्ता अरुंद, आणि रस्त्याच्या रुंदीवर किती बांधता येईल ते ठरतं. एवढ्याशा बांधकामात भाडेकरूंना जागा देऊन मालकाला काही उरत नाही. रस्ता रुंद करावा तर वाड्यांचीच ओळ तोडावी लागते. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, आणि नोटीस चिकटवून ते सुटणार नाही. एकेक वाडा वेगळा न धरता अख्खी गल्ली एकत्र घेऊन, भाडेकरूचा हक्क आधी लेखी नोंदवून काम केलं तरच सुटेल, असं मी अहवालात लिहिलं. आजही माझं तेच म्हणणं आहे.

पुराकडेही असंच नव्याने पाहिलं. नाशिककर गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: पाणी कमरेला लागलं, छातीला आलं, डोक्यावरून गेलं. १९ सप्टेंबर २००८ चा पूर सराफ बाजारात शिरलेला अनेकांनी पाहिला आहे. वर्गात मात्र पहिल्यांदा निळी आणि लाल पूररेषा म्हणजे काय ते समजलं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा विकास आराखड्यावर असतात. नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, आणि मंजुरीआधी प्रारूप जाहीर करून नागरिकांच्या हरकती-सूचना मागवण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. माझ्या ओळखीतल्या किती जणांनी तो नकाशा उघडून पाहिला होता? घर घेणारा माणूस फरशीचा रंग दहा वेळा बघतो, पूररेषा एकदाही बघत नाही.

लोकप्रशासनात ७४ वी घटनादुरुस्ती होती. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं ती सांगते. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या दुरुस्तीने आलेली, महापालिकांच्या कामांची बारावी अनुसूची पाठ केलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

मराठी मुलखात शहराच्या अभ्यासाची परंपरा काही नवी नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराच्या हाताखाली. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यानंतर मालवणचे गो. स. घुर्ये त्या विभागात आले. पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे घरोघर पाहणी करून त्या शहराचं आर्थिक-सामाजिक चित्र उभं केलं. पण हे बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, आणि ज्या माणसाच्या घराची पाहणी झाली त्याच्या हातात ते पोचत नाही. मला ते सरांनी वाचून, मराठीत सांगून पोचवलं.

२००१ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या पावणेअकरा लाख होती, २०११ मध्ये पंधरा लाखांच्या घरात गेली. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल यांची कामं चालू आहेत, आणि तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून शहराने आवाजही उठवला आहे. त्या आवाजाला नकाशा वाचता यायला हवा. म्हणून मुक्त विद्यापीठाला, आणि नाशिकमधल्या प्रत्येक महाविद्यालयाला माझी विनंती आहे: शहराचा अभ्यास हा स्वतंत्र प्रमाणपत्र शिक्षणक्रम मराठीतून सुरू करा, वर्ग रविवारी ठेवा, शुल्क कामगाराला परवडेल असं ठेवा. शिकायला माणसं येतील. पहिल्या तुकडीला जुन्या नाशकातले वाडे दाखवायला मी स्वतः येईन.