वाचा, पण लिहू नका

दुरुस्त होऊन घरी आलेल्या वस्तूविषयी मला नेहमीच थोडी धास्ती वाटते. छत्री उघडते, पण मिटत नाही. घड्याळ चालते, पण गजर विसरते. तक्रार घेऊन जावे तर दुरुस्त करणारा म्हणतो, "जे मोडलं होतं ते नीट केलंय की!" आणि ते खरेही असते.

आमच्या मराठी विभागातला शब्दसंग्रह परवा असाच दुरुस्त होऊन आला. बागलाण, कळवण, पेठ, सुरगाणा, निफाड अशा तालुक्यांतून येणारी मुले-मुली घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जे शब्द आणतात, ते गेली १२ वर्षे आम्ही संगणकात भरत आहोत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा 'अ‍ॅक्सेस' वापरतो. १९९२ साली निघालेली ही सोय म्हणजे एक सामाईक वहीच. चौघांनी चार टेबलांवरून एकाच वेळी तीत लिहावे. मुलांचे मूळ कागद केव्हाच रद्दीत गेले. शब्द सांगणाऱ्या कित्येक आज्याही आता नाहीत. जे काही उरले आहे ते त्या वहीत.

सामाईक वहीचे आम्हां नाशिककरांना अप्रूप नाही. इथले आणि त्र्यंबकचे क्षेत्रोपाध्ये नामावळी ठेवतात. कुठल्या कुठल्या गावची माणसे येतात, आजोबा-पणजोबांचे हस्ताक्षर पाहून गहिवरतात आणि त्याखाली आपले नाव लिहितात. आता कल्पना करा, वही जीर्ण झाली म्हणून गुरुजींनी नवी उतरवून घेतली आणि यजमानाला म्हणाले, "पणजोबांचं नाव बघा हवं तर, पण तुमचं लिहू नका!" आमचे नेमके तसेच झाले.

वही अधूनमधून अडखळू लागली म्हणून संगणक सांभाळणाऱ्या तरुणाने ती 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' केली. दुसऱ्या दिवशी सगळे शब्द जागच्या जागी होते. माथ्यावर मात्र 'रीड-ओन्ली' अशी पाटी. त्याला बोलावले. तो आपल्या टेबलावरूनच म्हणाला, "माझ्याकडे तर उघडतंय सर. लिहिताही येतंय." या वाक्यापुढे भले भले हात टेकतात.

तरी पोरगा गुणी. त्याने आधी फाइलच्या गुणधर्मांत 'रीड-ओन्ली'वर खूण आहे का ते पाहिले, नव्हती. मग सर्वांना वही मिटायला लावली. वही उघडी असताना तिच्याशेजारी त्याच नावाची एक छोटी कुलूप-फाइल तयार होते आणि आत कोण कोण आहे याची नोंद ठेवते. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप पुसली जाते. कधी ती मागे राहते आणि घोटाळा करते. तीही राहिलेली नव्हती.

खरी गोम निराळीच निघाली. ही दुरुस्ती म्हणजे फाटलेल्या पानाला चिकटपट्टी नव्हे. संगणक कोरी फाइल घेतो, जुन्यातले सारे तीत ओततो, जुनी काढून टाकतो आणि तिचेच नाव नवीला देतो. बारसे तेच, बाळ निराळे! त्यातून या गृहस्थाने वही आपल्या खासगी फोल्डरमध्ये नेऊन दुरुस्त केली होती. तिथला नियम असा, की इतरांनी पाहावे, लिहू नये. नवी फाइल त्या नियमात जन्मली. मग त्याने ती उचलून आमच्या फोल्डरमध्ये ठेवली. नकल केली असती तर तिला आमच्या घरचे नियम लागले असते. पण एकाच ड्राइव्हवर फाइल उचलून हलवली, की ती माहेरचे नियम घेऊन येते. फोल्डरचे अधिकार फाइलला पुन्हा लागू केले आणि पाच मिनिटांत पाटी गेली.

पण हे कळेपर्यंत आठ दिवस गेले होते, आणि खरी भीती त्या आठ दिवसांची होती. शब्द नाहीसे होत नव्हते, हे खरे. परंतु ज्या संग्रहात लिहिता येत नाही तो वाढायचा थांबतो, आणि माणसे काही थांबत नाहीत. विभागातल्या एका बाईंनी वहीची नकल आपल्या टेबलावर घेऊन तीत शब्द भरायला सुरुवात केली. उत्साह मोठा, पण त्यामुळे एका वहीच्या दोन झाल्या! हा प्रकार मला पाटीपेक्षा भयंकर वाटला.

त्याच आठवड्यात सटाण्याकडची एक विद्यार्थिनी दोनदा येऊन परत गेली. अहिराणीतला 'आंडोर', म्हणजे मुलगा, आमच्या संग्रहात पहिल्या वर्षापासून होता. 'आंडेर', म्हणजे मुलगी, मात्र १२ वर्षांत कोणी घातलीच नव्हती. वही उघडली त्या दिवशी तिला माझ्या खुर्चीवर बसवले. तिने शब्द लिहिला, अर्थ लिहिला, सांगणाऱ्याच्या रकान्यात आजीचे नाव लिहिले, आणि तो उमटला.

बाईंच्या नकलेतले ३७ शब्द मूळ वहीत घालण्याचे काम अजून चालू आहे. त्यांतले चार आमच्याकडे आधीच होते, अर्थ मात्र वेगळे. कोणत्या आजीचे खरे मानायचे, यावर रोज दुपारी चहाच्या वेळी वाद होतो.