एक जनरेटर, दोन बिऱ्हाडं

दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या आम्हा भावंडांना भारनियमनाचा राग जरा जास्तच होता, कारण रागाचं कारण डोळ्यांसमोर उभं होतं. खाडीपलीकडे अंजनवेलच्या सड्यावर एवढा थोरला वीजप्रकल्प. १९९९ साली तो सुरू झाला, २००१ साली बंद पडला आणि २००६ पर्यंत नुसता उभा राहिला. पुढे तिथे पुन्हा वीज तयार होऊ लागली, तरी आमच्या संध्याकाळी कंदिलातच जायच्या. वीज आधी राज्याच्या जाळ्यात जाते, मग ज्याच्या वाट्याला जेवढी येईल तेवढी, हे तात्यांनी आजीला समजावून सांगितलं होतं. आजीचं म्हणणं एकच: विहीर दारात नि आपण घोटभर पाण्याला महाग.

ज्यांच्या लाँची होत्या त्यांच्याकडे मात्र जनरेटर असे. आमचाही होता, लाल रंगाचा, एका माणसाने उचलावा एवढा, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा. घेतला होता तो लाँचसाठीच. तांडेल आणि खलाशी आठ-आठ दिवस समुद्रात राहायचे. जेवण, झोप, पत्ते, भांडणं सगळं त्या फळ्यांवर. मोठं मशीन चालू असेतो प्रश्न नसे. रात्री नांगर टाकून मशीन बंद केलं की वायरलेस, जीपीएस आणि दिवे सगळा भार बॅटरीवर पडे आणि पहाटे मशीन सुरू करायला तीच बॅटरी लागे. तेवढ्यासाठी मोठं मशीन रात्रभर धडधडत ठेवून डिझेल जाळण्यापेक्षा हा लहानगा परवडायचा.

पण घरालाही तो हवा असायचा. पावसाळ्यात नावा शाकारून किनाऱ्याला घेतल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत जनरेटर आमचाच. वाऱ्यात आंब्याची फांदी तारेवर पडली की दोन-दोन दिवस लाइट नसे, तेव्हा त्याचा मान पाहुण्यासारखा. खरा तंटा मार्चमध्ये. घरात कोणी ना कोणी दहावीला असायचंच. तांडेल न्यायला यायचा आणि काकी दारात उभ्या राहून सांगायच्या, पेपर संपल्याशिवाय मिळणार नाही. तांडेलाने कधी हुज्जत घातल्याचं आठवत नाही. त्याचाही मुलगा आमच्याच दिव्याखाली अभ्यासाला बसलेला असायचा.

सबंध बालपणात तो जनरेटर आपणहून क्वचितच बिघडला असेल. बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी विसरलेलं असायचं. म्हणून तो सुरू झाला नाही की काकी पहिला प्रश्न यंत्राला नाही, घराला विचारायच्या: काल बंद कोणी केला?

त्यामागचं शास्त्र असं. थंड इंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर. इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून रॉकेल. आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घेऊन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत दुसऱ्या दिवसासाठी पेट्रोल राहतं. लाइट आली की सगळ्यांची धाव टीव्हीकडे, आणि हे शेवटचं काम राहून जायचं. मग दुसऱ्या संध्याकाळी दोरी ओढून खांदा निखळला तरी हू की चू नाही. वाटीखालचा स्क्रू सैल करून ती रिकामी करायची, पेट्रोलने पुन्हा भरू द्यायची, चोक ओढायचा. तेवढ्यानेही भागलं नाही तर प्लग. काजळीने माखलेला प्लग पॉलिश पेपरने घासून, टोपीत बसवून, इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. ठिणगी निळी पडली तर बरं. ही परीक्षा घेताना पेट्रोलचा डबा पार विहिरीपाशी नेऊन ठेवायचा दंडक होता, आणि तो मोडण्याची हिंमत दादाचीही नव्हती.

चार महिने कपाटात पडलेल्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये बसायचा. त्यासाठी वायरीतली तांब्याची एकच बारीक तार. सुई घातली तर पितळेचं भोक मोठं होतं आणि मग मशीन पेट्रोल ढोसायला लागतं, असं बंदरावरचा मिस्त्री सांगायचा. हा मिस्त्री लाँचच्या मशीनचा. आमच्या जनरेटरला हात लावताना त्याच्या चेहऱ्यावर बैलाच्या वैद्याला कोंबडी दाखवल्याचा भाव असे.

मिनिटाला ३००० फेरे झाले की वीज ५० हर्ट्झची, हे आम्हाला फार उशिरा पुस्तकात सापडलं. काकींना ते कानाने ठाऊक होतं. आवाज किंचित बसला की त्या चुलीपाशी बसूनच ओरडायच्या, ‘मिक्सर कोणी लावला?’

लाँचवरचं एक दुखणं मात्र सगळ्यांना पुरून उरलं. समुद्रात अर्धा तास झाला की मशीन गप्प. घरी आणावं तर रात्रभर तक्रार नाही. प्लग बदलला, वाटी साफ केली, रॉकेलमध्ये पाणी असेल म्हणून ते फडक्यातून गाळलं. खाऱ्या हवेने कनेक्शनं हिरवी पडली होती, तीही घासून झाली. शेवटी मिस्त्रीच्या पोराने ऑइलची काडी काढून पाहिली. या यंत्रात ऑइल मावतं अर्ध्या लिटरहूनही कमी, आणि ते एका पातळीखाली गेलं की आतला फ्लोट ठिणगी तोडतो. घरच्या सपाट जमिनीवर थोडं कमी ऑइलही चालून जाई. लाटेवर लाँच कलली की ऑइल एका बाजूला जायचं आणि फ्लोटला वाटायचं, संपलं. तोंडापर्यंत ऑइल भरलं, दुखणं गेलं. तेव्हापासून लाँचवर चढताना तांडेल आधी काडी बघायचा, मग देवाला हात जोडायचा.

पाऊस असो की वारा, जनरेटर केबिनमध्ये घ्यायचा नाही, हा तात्यांचा नियम. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. दार लावून झोपलेला माणूस उठत नाही. घरीही त्याची जागा परसात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला. दिव्यांसाठी खिडकीतून वेगळी वायर यायची. घरच्या बोर्डात ती खोचायला सक्त मनाई, कारण आपली वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी गाठ.

मग इन्व्हर्टर आला. बटणसुद्धा दाबावं लागत नाही. लाइट कधी गेली ते कळतच नाही, त्यामुळे विसरायलाही काही उरलं नाही. लाँचवर मोठ्या बॅटऱ्या आणि सोलरच्या पाट्या बसल्या. जनरेटर तात्यांनी गावातल्या मंडपवाल्याला दिला. गणपतीच्या आधल्या संध्याकाळी त्याचा फोन आला, चालू होत नाही म्हणून. दादा म्हणाला प्लग, तांडेल म्हणाला काडी बघ. काकींनी फोन हातातून घेतला.

‘ते राहू दे. काल बंद कोणी केला, ते सांग.’