नोंदलेलें नांव

वर्ध्यास परवां आमचे दोघे पुतणे संगणकाच्या आज्ञावलीवरून वाद घालीत होते. धाकट्याचें मत, बटण दाबतांच त्यानेंच पडद्यावरील प्रत्येक खिडकीचें काम करून घ्यावें. थोरला म्हणाला, "नको. सेवाग्रामची घंटा वेळ कळविते. पुढें काय करावें तें ऐकणारा जाणे. तसें ज्या खिडकीस वर्दी हवी, तिनें बटणाकडे नांव नोंदवावें." चौघा ग्रंथकारांनीं १९९४ सालीं ग्रथित केलेल्या २३ रचनाबंधांपैकीं हा 'ऑब्झर्व्हर'. मात्र खिडकी मिटल्यावर नांव खोडलें नाहीं, तर ती यंत्राच्या स्मृतींत अडकून राहते, असेंही तो म्हणाला.

आम्ही स्तब्ध झालों. मातोश्रींना जाऊन वर्ष झालें. तरी पानें घेतांना त्यांचें पान आमच्या हातून मांडलें जातें. यंत्राचा तो दोष असेल. आमच्यानें मात्र तें नांव खोडवत नाहीं.