अमेरिकेतला हाजी अली

"काल हाजी अलीला जाऊन आलो," सर फोनवर म्हणाले. आम्हाला वाटले, सर न कळवताच मुंबईला परतले की काय! पण फोन अमेरिकेहूनच होता.

सर आमचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे शिकलेले आम्ही काही जण आता त्याच उर्दू शाळेत शिकवतो. पत्नीचा इंतकाल झाल्यावर मुलाने त्यांना लॉस एंजेलिसला नेले. तिथे कशाची कमी नव्हती. पण मुलगा-सून कामावर गेले की घरात सर आणि टीव्ही. "अब्बा, तुम्ही आता आराम करा," हे ऐकून ऐकूनच सर थकले होते.

जानेवारीतल्या एका सकाळी फजरची नमाज पढून त्यांनी गाडीची किल्ली उचलली, टेबलावर चिठ्ठी ठेवली आणि एकटेच पूर्वेकडे निघाले. सुमारे ४०० किलोमीटरचा सफर. इंडिओ मागे पडले की वाळवंट लागते. करडे डोंगर, खुरटी झुडपे आणि सरळ रस्ता. ब्लाइथजवळ कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना, आणि थोडे पुढे क्वार्टझ्साइट हे गाव. तिथल्या एका कबरीवर त्यांना फातिहा पढायची होती.

या कबरीची हकीकत सर आम्हाला भूगोलाच्या तासाला सांगत. वाळवंटात ओझी वाहायला सैन्यासाठी उंट आणावेत म्हणून अमेरिकेच्या संसदेने १८५५ मध्ये ३०,००० डॉलर मंजूर केले. १८५६ मध्ये उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्याबरोबर उंटवालेही आले. त्यांतला एक हाजी अली. शिपायांना ते नाव उच्चारता येईना. त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. १८५७ मध्ये एडवर्ड बील या अधिकाऱ्याने उंट सोबत घेऊन पश्चिमेकडे रस्ता आखला. पुढचा 'रूट ६६' बराचसा त्याच वाटेने गेला. यादवी युद्धात उंटांचा प्रयोग बारगळला. हाजी अली मात्र तिथेच राहिला. १८८० मध्ये फिलिप टेड्रो या नावाने त्याला नागरिकत्व मिळाले. १९०२ मध्ये तो क्वार्टझ्साइटला वारला. १९३५ मध्ये महामार्ग खात्याने त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड बांधला. वर धातूचा उंट, खाली नाव 'हाय जॉली'.

हे नाव सरांना खुपत असे. त्यांची अर्धी नोकरी मुलांची नावे दुरुस्त करण्यात गेली होती. दाखल्यावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे. बाप मजुरी बुडवून कचेरीत खेटे घालायचा. सर म्हणत, "नाव चुकलं की माणूस दारातच अडतो."

कबरीजवळ एक गोरी म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. हिवाळ्यात हजारो निवृत्त लोक गाडीतच संसार मांडून या भागात मुक्कामाला येतात. तीही त्यांतलीच, एकटी. तिने विचारले, "हा तुमचा कोण?" सर म्हणाले, "कोणी नाही. पण याचं खरं नाव मला ठाऊक आहे." त्यांनी तिला ते शिकवले. दोनदा चुकून तिसऱ्यांदा तिने नीट म्हटले, "हाजी अली."

मग सरांनी जानमाज अंथरली. इथे आपण पश्चिमेला तोंड करतो. तिथे किब्ला ईशान्येला. मुसाफिराला सवलत म्हणून जुहरच्या चार फर्ज रकातींच्या दोनच. "कित्येक दिवसांनी मी कोणाचा म्हातारा बाप नव्हतो रे," सर म्हणाले, "मुसाफिर होतो."

मुलगा फार रागावला. त्याची काळजीही खोटी नव्हती. आता किल्ली त्याच्याच खिशात असते. सर हे हसत सांगत होते, पण मध्येच गप्प झाले. आम्हालाही काही सुचेना.

यंदा जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. आम्ही प्रत्येक बापाला खुर्ची दिली आणि नाव दोनदा विचारून मगच रजिस्टरात लिहिले. रांग लांबली. कोणी कुरकुरले नाही.